एक्केचाळीस नावं आणि रात्री अकराचा फोन

पत्र:

ताई, उत्तर गोव्यातल्या एका तालुका न्यायालयात मी नऊ वर्षं वकिली करते. आमच्या वकील संघटनेने यंदा मानवी हक्क समिती नेमली आणि निमंत्रक म्हणून माझं नाव घातलं. पहिल्या सभेत एक्केचाळीस जणांनी नावं दिली, लगेच व्हॉट्सॲप ग्रुपही झाला. चार महिन्यांत दोन कामं आली, दोन्ही मीच केली. मागच्या महिन्यात रात्री अकराला एका बांधकाम कामगाराच्या पत्नीचा फोन आला. ती मूळची कर्नाटकातली. तिच्या नवऱ्याला पोलिसांनी उचललं होतं. मुलाला ताप होता म्हणून मी जाऊ शकले नाही. ग्रुपवर टाकलं, सोळा जणांनी अंगठे दाखवले, गेलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याला रिमांडला नेलं तेव्हा वकील नव्हता. त्यातच तालुक्यात एक भयंकर गुन्हा घडला आहे आणि आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. काही सिनियर म्हणतात, पोलिसांशी वाकडं घेऊ नका, रोज त्याच कोर्टात उभं राहायचं आहे. समिती बंद करावी का? की मी राजीनामा द्यावा?

— एक निमंत्रक

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असाल, पण सनद घेतलेल्या माणसाला मी अहो-जाहोच करते. समिती बंद करू नका, राजीनामाही देऊ नका. आजाऱ्या मुलापाशी राहिलात यात तुमची काही चूक नाही. पण समितीबद्दल बोलण्याआधी त्या माणसाचं बघू, कारण तो अजून आत असेल तर त्याचे दिवस मोजले जात आहेत.

आजच त्याच्या पत्नीला फोन करा. त्या रात्री कुणी आलं नाही याबद्दल संघटनेच्या वतीने माफी मागा आणि मग रिमांडची पहिली तारीख विचारा. ती तारीख डायरीत लिहा आणि तो दिवस धरून, कलमाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवस मोजा. तेवढ्यात आरोपपत्र आलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) खाली जामीन हा त्याचा हक्क होतो. मात्र तो आपणहून मिळत नाही, आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करून मागावा लागतो. अर्जाआधी आरोपपत्र आलं की हक्क गेला. दुसरं, अटकेची कारणं त्याला लेखी मिळाली का, आणि त्याला समजेल अशा भाषेत मिळाली का, ते पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं आहे. त्याला कन्नडच येत असेल आणि कागद इंग्रजीत असेल तर तो मुद्दा मोठा आहे. आणि रिमांडला वकील नव्हता, हे ओझं एकट्या तुमचं नाही. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालापासून, पहिल्यांदा समोर आणलेल्या माणसाला ‘वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल’ हे सांगणं दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. तसं सांगितल्याची नोंद रोजनाम्यात आहे का, तेही बघा.

आता तुमच्या समितीचं. मी सासष्टीत तीसहून अधिक वर्षं वकिली केली, त्यातली अकरा वर्षं आमच्या संघटनेची अशीच समिती सांभाळली. पहिल्या वर्षी आमच्याकडेही मोठी यादी होती. यादीतल्या प्रत्येकाला वाटतं की दुसरा गेला असेल. त्या सोळा अंगठ्यांमध्ये वाईट माणूस एकही नसेल. प्रत्येकाला खरोखर वाईट वाटलं असेल आणि प्रत्येकाने फोन उशाशी ठेवून डोळे मिटले असतील. स्वयंसेवेचं काम कळकळीने सुरू होतं आणि पाळीने टिकतं. आज रात्री कुणाची पाळी, याला एक नाव असलं पाहिजे. तुमच्याकडे एक्केचाळीस आहेत, म्हणून एकही नाही.

एकेकाला बाररूममध्ये बाजूला घेऊन विचारा: सहा आठवड्यांतून एक आठवडा, रात्रीसुद्धा, येणार का? एवढंच. बारा जण हो म्हणाले तर सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला सहा आठवड्यांनी पाळी येते. जोडीत एक जण दहा वर्षं झालेला, दुसरा नवा. नव्याला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या एकट्याने चढायला लावू नका. तिथे आवाज चढतात आणि पहिल्यांदा पाय लटपटतातच. बाकीच्या एकोणतीस जणांना नाकारू नका. त्यांतले कुणी कागद टंकतील, कुणी गाडी देतील, कुणी न्यायनिवाडे शोधतील. ज्यांच्याकडे सरकारी वकिलीचं काम आहे त्यांना पोलिसांच्या प्रकरणांपासून लांब ठेवा, पण नव्यांना शिकवायला जरूर बोलवा. कुणावर अंगाबाहेरची जबाबदारी टाकली की तो पुढच्या वर्षी यादीतही राहत नाही.

आमच्याकडे एक खादीची पिशवी होती. तिच्यात संघटनेच्या नावावर घेतलेला साधा फोन आणि त्याचा चार्जर, लाल कापडी बांधणीची एक वही, कोरी वकीलपत्रं, शाईचा पॅड आणि बॅटरी असे. दर शुक्रवारी पाच वाजता बाररूममध्ये ही पिशवी एका जोडीकडून दुसरीकडे जायची आणि वहीत दोघांच्या सह्या व्हायच्या. पिशवी ज्याच्या घरी, फोन त्याचा. लोकांकडे गेला तो एकच नंबर, त्यामुळे माणूस बदलला तरी दार तेच राहिलं. वहीत फोनची वेळ, कुणी केला, कुठल्या ठाण्यावर, कोण निघालं, किती वाजता पोचलं आणि काय केलं, एवढंच लिहायचं. ‘जाता आलं नाही’ हेही लिहायचं, कारणासकट. पहिल्या वर्षी असं तीनदा लिहिलं गेलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर आम्ही प्रत्येक जोडीच्या मागे एक राखीव माणूस लावला, आणि रात्री पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, मिळत नाहीत म्हणून भाड्याच्या गाडीचे पैसे निधीतून द्यायचं ठरवलं.

पाळीवरच्या जोडीने पहिल्या तासात काय करायचं, हे एका माणसाच्या गोष्टीतून सांगते. एका मच्छीमारी जेटीवर ट्रॉलरवर काम करणारा ओडिशाचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. चोरीचा आळ होता. आम्ही रात्री दीडला ठाण्यात पोचलो तेव्हा तो बाकावर अनवाणी बसला होता, पॅन्टला अजून मासळीचे खवले चिकटलेले. अटकेचा कागद इंग्रजीत होता, खाली त्याचा अंगठा होता आणि साक्षीदार म्हणून ज्याची सही होती त्याला हा मुलगा ओळखतही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून कायदा सांगतो की अटकेच्या मेमोवर घरचा माणूस किंवा त्या भागातली प्रतिष्ठित व्यक्ती साक्षीला हवी, अटकेची वेळ आणि तारीख हवी, आणि नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायला हवं. वेळेच्या रकान्यात रात्री दहा लिहिलं होतं. ट्रॉलरवरचा स्वयंपाकी आम्ही सोबत नेला होता, कारण ओडिया आमच्यातल्या कुणाला येत नव्हती. मुलाने त्याला सांगितलं की आपल्याला दुपारच्या जेवणाआधीच आणलंय, जेवण तसंच राहिलं. त्या एका वाक्यावर, दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्यासाठी असलेल्या चोवीस तासांची मोजणी पालटली. आम्ही ठाणे अंमलदाराशी भांडलो नाही. मुलाने सांगितलेली वेळ लिहून अर्ज दिला, पोच मागितली, वैद्यकीय तपासणीची मागणी लेखी केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी तोच अर्ज आम्ही पुढे केला आणि स्वयंपाक्याला दुभाषा म्हणून उभं केलं. पोलीस कोठडी एका दिवसाची मिळाली, मागितली होती सात दिवसांची.

म्हणून पिशवीतल्या वहीइतकीच मी भाषांची वही महत्त्वाची मानते. गोव्यात आज बांधकामावर, बोटींवर, हॉटेलांच्या मागच्या दारी कन्नड, ओडिया, बंगाली, नेपाळी, संथाळी बोलणारी माणसं राबतात. आपण बाररूममध्ये मराठी-कोकणीवर तासन्‌तास बोलतो, पण कोठडीतल्या माणसाशी त्याच्या भाषेत कोण बोलणार, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. शाळेतले शिक्षक, चर्चमध्ये येणाऱ्या कामगारांशी ओळख असलेले पाद्री, कॅन्टीन चालवणारे, नर्स, यांच्याकडे जा. प्रत्येक भाषेला दोन नावं मिळवा आणि रात्री फोन केला तर चालेल का, हे आधी विचारून घ्या.

कायदेशीर सेवा प्राधिकरणाशी स्पर्धा करू नका. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कुठल्याही माणसाला, स्त्रीला, बालकाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फौजदारी बचावासाठी २०२२ पासून पूर्णवेळ वकिलांची योजनाही आली आहे. तुमची जागा रात्री अकरा आणि दुसऱ्या दिवशी न्यायालय उघडेपर्यंतच्या मधली आहे, आणि नंतर ते प्रकरण योग्य हाती पोचलं का हे पाहण्याची आहे. जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा आणि कोण कुणाला कधी कळवणार ते एका पानावर लिहून घ्या. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर असू द्या.

तुरुंगभेटीचं सांगते, कारण समिती झाली की सगळ्यांना आधी कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगात जायचं असतं. एकदाच गेलेले वकील कैद्यांच्या चांगले लक्षात राहतात. ‘पुढच्या वेळी कागद आणतो’ असं सांगून गेलेला माणूस परत आला नाही की ते दुसऱ्या कुणाला काही सांगतच नाहीत. जायचं तर प्राधिकरणामार्फत परवानगी घेऊन, महिन्यातल्या ठरल्या वारी, तीच दोन माणसं वर्षभर. कच्च्या कैद्यांची तीन रकान्यांची यादी करा: पहिल्या रिमांडची तारीख, गुन्ह्याची कमाल शिक्षा, जामीन मंजूर असून अडकलाय का. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, किंवा इतरांनी निम्मा काढला, तर सुटकेचा विचार व्हावाच लागतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत आणि अनेक खटले चालू असलेल्यालाही तो लाभ नाही. तिसऱ्या रकान्याने मला सगळ्यात जास्त त्रास दिला. जामीन होऊन महिने झालेले, पण हमीदार नाही म्हणून आत, अशी माणसं त्यात निघतात. १९७८ मध्ये मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या जिल्ह्यातला हमीदार नाकारणं अन्यायाचं ठरवलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये असंही सांगितलं की जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. हे दोन्ही कागद सोबत ठेवा आणि अटी बदलून मागा. एक सांभाळा. नव्या वकिलांना कळवळा येतो आणि ते स्वतः हमीदार व्हायला निघतात. अशिलासाठी वकिलाने हमीदार राहायचं नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. आमच्या एका मुलीने हमीसाठी गळ्यातली साखळी गहाण ठेवायची तयारी केली होती. तिला मी थांबवलं, पण तिच्या डोळ्यांत जे होतं त्याचा मला आजही आदर वाटतो.

पैशांचं आणि गुप्ततेचं फार लांबवत नाही. निधीला वेगळं खातं काढा आणि हिशेब वर्षातून एकदा सभेत वाचा. राजकीय पक्षाचे पैसे घेऊ नका, आणि पाळीवर भेटलेल्या माणसाकडून त्याच प्रकरणात कुणीही, कधीही फी घ्यायची नाही. पंचायतींत फलक लावाल त्यावर संघटनेचा नंबर द्या, वकिलांची नावं नकोत. जाहिरातबंदीचा नियम आहेच, शिवाय नाव दिसलं की हेतूवर शंका येते. आणि तो ग्रुप: त्यावर यापुढे एकाही अशिलाचं नाव, फोटो, ठाण्यातला कागद टाकू देऊ नका. लैंगिक अत्याचारातली पीडित स्त्री किंवा पीडित बालक असेल तर ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. ग्रुपवर फक्त पाळीचं वेळापत्रक राहू द्या.

सिनियरांच्या भीतीला खोटं म्हणू नका. रोज त्याच कोर्टात उभं राहायचं असतं, हे खरं आहे. त्यासाठीच निर्णय एकट्या माणसावर ठेवायचा नसतो. समितीचा एक लेखी नियम करा: काम नाकारायची कारणं दोनच, हितसंबंधांचा संघर्ष किंवा माणूसबळ नसणं. समोरचा कोण आहे, यावर काम नाकारायचं नाही. अध्यक्षांचा फोन आला तरी पाळीवरची जोडी थांबणार नाही. आणि ठाण्यात जाल तेव्हा ‘मी’ नको, ‘आमची संघटना’ म्हणा. ज्या अधिकाऱ्याने आम्हाला पहिल्या वर्षी दाराबाहेर दीड तास उभं ठेवलं, त्याच ठाण्यातून तिसऱ्या वर्षी रात्री फोन आला की एक मुलगी आली आहे, तुमच्यातल्या कुणी बाई येऊ शकेल का.

आता तो ठराव. तुमच्या पत्रातलं हेच मला सर्वांत गंभीर वाटलं. २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव सरळ रद्दबातल ठरवले. त्या प्रकरणात आरोपी कोण होते, हे सभेत आवर्जून सांगा. ते पोलीस होते. कोइमतूरच्या वकिलांची पोलिसांशी झटापट झाली होती आणि त्या पोलिसांचा बचाव कुणी करायचा नाही, असं तिथल्या संघटनेने ठरवलं होतं. वकिलांना ज्यांचा राग आला होता त्यांनाही वकील मिळालाच पाहिजे, असं न्यायालयाने वकिलांना सांगितलं. आणि हे आपण गोव्यात विसरावं? १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी भर पावसात सभा घेतली तेव्हाची मागणी नागरी स्वातंत्र्याची होती: बोलायची, जमायची, छापायची मोकळीक. त्याच वर्षी गोव्याच्या मुक्तिलढ्यातले नेते टी. बी. कुन्हांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. मडगावच्या त्या सभेच्या मैदानावर दरवर्षी फुलं वाहणारे आपण, एखाद्या माणसाला वकील मिळू नये म्हणून हात वर कसे करणार?

सभेत लोकांचा संताप खरा असेल. त्याला उपदेशाने उत्तर देऊ नका, काम द्या. तुम्ही स्वतः सुचवा की समितीची एक जोडी उद्याच पीडित कुटुंबाकडे जाईल. बळी स्त्री किंवा बालक असेल तर कलम १२ त्यांच्यासाठीही आहे. भरपाईचा अर्ज आहे, आणि बालक असेल तर २००३ च्या गोवा बाल कायद्याखालचं बाल न्यायालय आहे. जबाबाच्या वेळी सोबत बसणं, तारखेला घरून नेणं-आणणं, पत्रकारांना दाराशी थोपवणं, हे सगळं त्या घराला आज हवं आहे आणि ठरावाने त्यातलं काहीच मिळत नाही. आरोपीकडे प्राधिकरणाचा वकील जाईल किंवा तुमची दुसरी जोडी जाईल. त्या दोन जोड्यांनी एकमेकांची वही पाहायची नाही आणि त्या प्रकरणाबद्दल चहालाही बोलायचं नाही. त्यासाठी दुसरी वही विकत घ्या.

सभेला वेळेआधी जा, निकालाच्या प्रती सोबत न्या आणि ठराव मांडणाऱ्यांच्या हाती आधीच द्या, सगळ्यांसमोर त्यांना तोंडघशी पाडू नका. त्यांच्यातले दोघे-तिघे तरी वाचून मागे घेतील असं मला वाटतं. तरीही मतदान झालं आणि विरोधात एकटा तुमचाच हात वर राहिला, तर तो खाली घेण्याआधी चिटणीसांना सांगा की विरोधाचं मत नावासकट इतिवृत्तात लिहा, आणि त्यांनी लिहिलेलं वाचून मगच सही करा.